तारलीच्या वाटेवर

दार उघडलं तर समोर एक उंच, घामेजलेला तरुण आणि त्याच्या कुशीत तारली. परक्या माणसाने उचललं की एरवी नखं काढणारी ही बया आज मात्र डोळे मिटून, शेपटी खाली सोडून, माहेरी आल्यासारखी निवांत पडली होती.

"तुमची आहे का?" त्याने विचारलं. "हरवली होती. खाली माझ्या स्कूटरवर सापडली. गळ्यात पट्टा आहे म्हणजे कुणाचीतरी असणारच… म्हणून वरच्या मजल्यापासून एकेक दार विचारत आलोय."

रुचिराने मांजराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. हसू फुटू नये म्हणून तिने ओठ दाबून धरले.

"हरवली नव्हती. झोपली होती."

"रस्त्यावर?"

"स्कूटरवर. आत्ता तुम्हीच म्हणालात ना?"

बिचारा असा काही गोरामोरा झाला की तिला त्याची दयाच आली. तिने तारलीला घ्यायला हात पुढे केले, तर तारलीने त्याच्या शर्टात नखं रुतवली. मग दोघांनी मिळून एकेक नख सोडवलं. त्या गडबडीत तिची बोटं त्याच्या मनगटाला लागली आणि तो उगाचच "सॉरी" म्हणाला.

तो शौनक. दुसऱ्या मजल्यावरच्या रश्मीआत्याचा भाचा. राहायला जोगेश्वरीला, नोकरीला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात. आत्याला गुडघ्याचं तेल देऊन त्याला लगेच निघायचं होतं. निघाला तो रुचिराच्या आईच्या हातचा चहा पिऊन आणि चांगलं तासभर भांडून.

भांडण साधंच होतं. पाळलेलं मांजर बाहेर सोडावं की नाही? शौनकचं म्हणणं ठाम. बाहेर रिक्षा आहेत, कुत्री आहेत, उंदरांसाठी टाकलेलं विष आहे. मांजर काय, ते विष खाल्लेला उंदीर खातं आणि जातं. शिवाय बुलबुलांची पिल्लं खातं ते वेगळंच. त्याच्याकडे ठमी नावाची मांजर होती, तिने जन्मात जिना पाहिला नाही, आणि म्हातारी होऊन त्याच्या मांडीवर गेली. रुचिराचं म्हणणं त्याहून ठाम. वाकोल्याच्या तळमजल्यावरच्या या घरात खिडकीचं एक झडप कायम उघडं असायचं आणि तारली मनाला येईल तेव्हा जायची-यायची. जयवंतांनी, म्हणजे रुचिराच्या वडिलांनी, ती एवढीशी असताना तिला मासळीच्या पिशवीतून घरी आणलं होतं. ते गेले त्याला आता दोन वर्षं होत आली होती, पण रोज दिवेलागणीला तारली खिडकीतून आत यायची, आणि त्यांच्या खुर्चीवर बसायची. तेवढ्याने घर भरल्यासारखं वाटायचं.

रुचिराच्या आईने, प्रेमाताईंनी, वादाचा निकाल एका वाक्यात लावला. "कोंडून ठेवलेला माजर म्हणजे नुसतो कापसाचो गोळो."

शौनक हसला, पण हरला नाही. हरला असता तर परत कशाला आला असता?

आणि तो येतच राहिला. आत्याचे गुडघे अचानक फारच दुखायला लागले असावेत. कधी तेल, कधी शेकायची पिशवी, कधी नुसतीच चौकशी. दहा वर्षांत दिवाळीपलीकडे न फिरकलेला भाचा आठवड्यातून दोनदा येतो म्हटल्यावर आत्या काय समजायचं ते समजली, आणि आल्या आल्या त्याला म्हणायची, "माझं झालं रे, जा आता खाली."

एका रविवारी रुचिराने त्याला पैज लावून तारलीच्या मागे फिरवलं. ती पुढे, हे दोघं चोरासारखे मागे. तारली कुंपणावरून शिंप्याच्या दुकानात गेली, तिथे चिंध्यांवर थोडी लोळली. मग कोळणीच्या टोपलीपाशी जाऊन बसली. कोळणीने न मागता मुंडकं टाकलं. मग एका गच्चीवर, उन्हात. सगळे तिला ओळखत होते, सगळे तिच्याशी बोलत होते.

"बघ," रुचिरा म्हणाली. एव्हाना ती 'तू'वर आली होती. "हे सगळं खिडकी लावून काढून घ्यायचं तिच्याकडून?"

"आणि मधला रस्ता ओलांडताना तू माझा हात का धरलास मग?"

तिने पाहिलं. खरंच धरला होता… आणि अजून सोडलेला नव्हता.

"तिच्यासाठी घाबरले होते," ती म्हणाली.

"हो ना. तेच तर म्हणतोय मी."

पुढे ती त्याच्या घरी गेली, जोगेश्वरीला. आई-वडील निवृत्त होऊन नाशिकला गेलेले, पहिल्या मजल्यावरच्या त्या घरात तो एकटा. सगळ्या खिडक्यांना नायलॉनची जाळी. ठमी गेल्यावरही त्याने ती काढली नव्हती. एका खिडकीत तिची उशी तशीच होती. रुचिरा त्या उशीशेजारी बसून बाहेर बघत राहिली.

"इथून काय दिसायचं रे तिला?"

"समोरचा पिंपळ. वॉचमनच्या खोपटाचं पत्र्याचं छप्पर. आणि संध्याकाळी मी येताना." त्याने उशी नीट केली. "मी आलो की ती असायचीच, रुचिरा. एक दिवस चुकला नाही. तुला असते खात्री, तारली रोज येईल याची?"

"नसते. म्हणून तर ती आली की आनंद होतो," ती म्हणाली. "ती परत येते, कारण तिला यायचं असतं."

शौनक नुसता तिच्याकडे बघत राहिला, असा, की रुचिराला खिडकीबाहेर बघावं लागलं. त्या दिवशी निघताना त्याने सांगितलं, की गणपती झाले की तो तिच्या आईशी बोलणार आहे. कशाबद्दल, हे तिने विचारलं नाही. गाल तापले, एवढंच.

गणपतीला मायलेकी दरवर्षीप्रमाणे कुडाळजवळच्या गावी निघाल्या. एरवी रश्मीआत्या तारलीला खायला घालायची आणि खिडकी उघडी असायची. पण यंदा सोसायटीने नेमकं याच दिवसांत आवारात उंदरांचं विष टाकायचं ठरवलं. तेव्हा शौनक म्हणाला, माझ्याकडे ठेव. रुचिराने टोपलीतून तारली त्याच्या घरी पोचवली आणि सूचनांचा भडिमार केला. मासे बिनमिठाचे उकड, पाणी मातीच्या भांड्यात दे, पोटाला हात लावू नकोस. खिडकीबद्दल ती काहीच बोलली नाही. शौनकला खिडकीबद्दल काय सांगायचं?

गावी तिला एक नवीनच गोष्ट कळली. पहिल्यांदाच तिला शांत झोप लागत होती. तारली कुठे असेल, आली असेल का, हा विचारच नव्हता. जाळीच्या आत आहे, शौनकपाशी आहे, संपलं. आणि मग तिच्या लक्षात आलं, की रोज दिवेलागणीला होणारा तो आनंद आधी दिवसभराच्या धास्तीने विकत घेतलेला असायचा. वडील गेल्यापासून तर फारच. परत जाऊन शौनकला सांगायचं, तिने ठरवलं, की तुझंच खरं. आपण वाकोल्यालाही जाळी लावू. हे फोनवर सांगायचं नव्हतं, त्याचा चेहरा बघत सांगायचं होतं.

गौरी-गणपतींचं विसर्जन करून त्या मुंबईला परतल्या. आईला सामानासकट घरी पाठवून रुचिरा परस्पर जोगेश्वरीला उतरली, पिशवीत तारलीसाठी सुकट घेऊन.

शौनकने दार उघडलं आणि तिने त्याच्या मागे पाहिलं. उशी रिकामी होती. खिडकीची जाळी खालच्या कोपऱ्यात कापलेली होती, सरळ, कात्रीने.

"ती खात नव्हती," तो म्हणाला. आवाज बसलेला, दाढी वाढलेली. "सारखी खिडकीत बसून ओरडायची. मला बघवेना. मला वाटलं, तूच बरोबर आहेस… मी ठमीलाही असंच… म्हणून परवा सकाळी मीच कापली जाळी. ती छपरावर उतरली, मागे वळून बघितलं सुद्धा तिने. तू म्हणाली होतीस ना, ती परत येते, कारण तिला यायचं असतं."

"अरे पण तिच्या घरी, शौनक. तुझ्या नाही."

त्याचा हात कापलेल्या जाळीवर गेला.

"नव्या जागी नेलं की आधी कोंडून ठेवतात. जागा ओळखीची होईपर्यंत. आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू खिडकी उघडशील असं वाटलं असतं, तर सांगितलं असतं रे."

रुचिरा सुकटीची पिशवी हातात घेऊन उभी होती, आणि तिला कुणावर चिडायचं ते कळत नव्हतं. जन्मभर मांजर घरात ठेवलेल्या या माणसाने आयुष्यात एकदाच खिडकी उघडली होती, आणि ती तिच्या शब्दावर विश्वास ठेवून.

प्रेमाताईंनी मात्र त्याला एका शब्दानेही बोल लावला नाही. तो वाकोल्याला येऊन मान खाली घालून बसला, तेव्हा त्या कितीतरी वेळ नवऱ्याच्या खुर्चीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ती घराकच येवक निघाली असतली. वाट लांब पडली तिका." तो उठून बाहेर गेला आणि जिन्याखाली उभा राहून रडला. रुचिराने खिडकीतून पाहिलं. जावंसं फार वाटलं, पण पाय उचलला नाही.

मग शोध सुरू झाला. तारलीचा फोटो छापून त्यांनी जोगेश्वरीच्या गल्ल्यागल्ल्यांत लावला. ऑफिस सुटलं की तो, आणि रुचिरा ज्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचे डोळे तपासायची तिथून सुटली की ती, दोघं जोगेश्वरीच्या लेण्यांजवळच्या चहाच्या टपरीवर भेटायचे आणि तिथून निघायचे. कधी मजासवाडी, कधी हायवेच्या कडेकडेने अंधेरीपर्यंत. फोन यायचे, हे धावत जायचे, तर कुणाचा बोका असायचा, कुणाची काळी मांजर. ज्याने त्याने आपापलं मत द्यायचं. एक म्हणायचा, मांजर कधी सोडतात का बाहेर? दुसरा म्हणायचा, अहो मांजर कधी कोंडतात का? दोघंही ऐकून घ्यायचे. कधीकाळी यावर आपण तासन् तास भांडायचो, हे त्यांना खरंही वाटायचं नाही.

दिवाळी आली. आईशी बोलायचं ते राहूनच गेलं होतं, आणि तो विषय कुणी काढत नव्हतं. एका संध्याकाळी, सगळीकडे कंदील लागलेले असताना, एका इमारतीच्या पायरीवर बसून रुचिराने त्याला सांगून टाकलं. गावी काय ठरवलं होतं, काय सांगायला ती परत आली होती, सगळं.

"म्हणजे तू माझं ऐकलंस," तो म्हणाला. "आणि मी तुझं."

"हो."

"मी तुझ्यावर जरा कमी प्रेम केलं असतं तर ती आज असती, रुचिरा."

प्रेम हा शब्द त्यांच्यात पहिल्यांदाच आला, आणि आला तो असा. तिने त्याचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत, तिला वाटलं.

त्यानंतरही ते शोधत राहिले. फोन यायचे थांबले, भिंतीवरचे फोटो पावसाने आणि उन्हाने पांढरे पडले, त्यांच्यावर क्लासच्या जाहिराती चिकटल्या. उपयोग नाही हे दोघांना केव्हाच कळलं होतं. पण शोध थांबवायचा म्हणजे रोजचं भेटणं कशाच्या नावावर करायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि शोध थांबवायचा म्हणजे बाबांच्या पिशवीतून आलेलं ते एवढंसं पिल्लू आता नाही, असं आपल्या तोंडाने म्हणायचं. ते तिला जमत नव्हतं.

थंडी पडली तेव्हाची गोष्ट. रुचिरा टपरीच्या बाकावर आधीच येऊन बसली होती. तो आला, तिने सरकून जागा दिली, दमलास का विचारलं. त्याने ऑफिसातला काहीतरी किस्सा सांगितला, साहेब चुकीच्या इमारतीचा नकाशा घेऊन मीटिंगला कसे गेले त्याचा. ती हसली. मनापासून, डोकं मागे टाकून हसली. आणि हसता हसता एकदम थांबली. चहाचा ग्लास हातातच राहिला.

"काय झालं गं?"

"तू आलास ना, की रोज मी आधी तुझ्या मागे बघते," ती म्हणाली. "तुझ्या हातात बघते. काही घेऊन आला असशील का म्हणून. मग तुझ्याकडे बघते."

"माहितेय. मला दिसतं ते."

"आज बघितलं नाही रे."

शौनकला क्षणभर अर्थ लागला नाही. मग लागला. त्याने तिच्या हातातला ग्लास काढून बाकावर ठेवला. रुचिरा रडायला लागली. त्या दिवशी कापलेल्या जाळीसमोर रडली नव्हती, इतके महिने रडली नव्हती, ती आता भर रस्त्यात, ओंजळीत तोंड खुपसून रडली. तारलीसाठी रडली, बाबांसाठी रडली, आणि आपण विसरायला लागलो याच्या शरमेनेही रडली. टपरीवाला पाठ फिरवून उगाचच भांडी विसळत राहिला. शौनक तिच्या पाठीवर हात ठेवून बसला होता. उगी म्हणाला नाही.

बऱ्याच वेळाने तिने ओढणीने डोळे पुसले.

"उद्यापासून शोधायला नको."

त्याचा चेहरा उतरला. हे एक दिवस ऐकावं लागणार, हे त्याने मनाशी धरलंच असावं. त्याने मान हलवली, चहाचे पैसे काढले, बॅग खांद्याला लावली आणि उठायला लागला.

रुचिराने त्याची बाही धरली.

"अरे, शोधायला नको म्हटलं. तू येऊ नकोस असं कुठे म्हटलं?" तिचा आवाज अजून ओला होता. "नुसता ये. घरी, जेवायला."