आधी नऊ दाबायचं

माझ्या टेबलाखालून दोन पाय बाहेर आले होते. पायात मोजे होते, बूट नव्हते. बूट दाराशी नीट जोडीने काढून ठेवलेले... म्हणजे चोर नव्हता, एवढं तरी कळलं.

"कोण आहे?" मी जरा मोठ्यानेच विचारलं.

टेबलाला आतून डोकं आपटल्याचा आवाज आला. मग "आई गं—" आणि मग अगदी सभ्यपणे, "फोनवाला."

"फोनवाली मी आहे," मी म्हटलं. "आणि हे माझं टेबल आहे."

खोटं नव्हतं ते. आमच्या पडद्यांच्या कारखान्यात मला सगळे फोनवालीच म्हणतात. खाली मास्तर आणि त्यांची माणसं पडदे शिवतात, वरच्या छोट्या खोलीत मी बसते आणि गिऱ्हाइकांना फोन लावते. मापं घ्यायला माणूस कधी पाठवू? पडदे तयार आहेत, कधी नेताय? रंग जात नाही हो, फक्त थंड पाण्यात धुवा. दिवसभर बोलून बोलून घसा बसतो. आणि संध्याकाळी खोलीवर गेलं की बोलायला चिटपाखरू नसतं.

मी एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात मागची खोली भाड्याने घेतली आहे. माणसं भली आहेत, पण दोघांचं एकमेकांशीच इतकं भांडण असतं की मला त्यात जागा नाही. ताईला फोन केला तर ती म्हणते, "नंतर करते गं, पोरांचा अभ्यास घेतेय." ते नंतर काही केल्या येत नाही. तिचा दोष नाही. सासूबाई, दोन पोरं, नोकरी, वर आमचे भाऊजी म्हणजे तिसरं पोर. पण खरं सांगू? माझ्या मोबाइलची रिंग कशी वाजते हे मी विसरत चालले होते. कुणीतरी आपणहून आपल्याला फोन करावा, एवढीच हाव होती मला. हसू नका. ज्याला मिळतं त्याला नाही कळायचं.

तर तो टेबलाखालून बाहेर आला. केसांत धूळ, कानावर निळ्या दोऱ्याचा तुकडा अडकलेला. सांगावं का काढावा, या विचारात मी काहीच केलं नाही.

"इंटरनेटवरचा नवा फोन बसवलाय," तो म्हणाला. "येणारे फोन येतायत. जाणारे काही जात नाहीत."

"माझं नेमकं उलटं आहे," माझ्या तोंडून निघून गेलं.

"म्हणजे?"

"काही नाही. तुम्ही तुमचं काम करा."

तो लॅपटॉप मांडीवर घेऊन जमिनीवरच बसला. मी खुर्ची दिली तरी घेतली नाही. मग स्वतःशीच बोलावं तसं मला सांगायला लागला. या यंत्राला काही कळत नाही म्हणे. कुठला फोन खालच्या मास्तरांना आणि कुठला बाहेर गावाला, हे त्याला शिकवावं लागतं. "म्हणून आधी नऊ दाबायचं. नऊ दिसला की ते समजतं, यांना बाहेर जायचंय. मग नऊ गाळून टाकतं आणि उरलेला नंबर बाहेरच्या लाइनला देतं."

"आणि नाही दाबलं तर?"

"तर इथल्या इथे फिरत राहतं."

"बिचारं," मी म्हटलं.

तो हसला. अगदी मोठ्याने नाही... पण हसताना त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मला उगाचच ओढणी सारखी करावीशी वाटली.

"झालं का हो?" खालून कारखान्याच्या मालकीणबाईंची हाक आली. "सकाळपासून एक फोन गेला नाही! आधीच नाकी नऊ आलेत, त्यात तुमचा तो नऊ!"

"झालंच!" त्याने ओरडून सांगितलं आणि आपला मोबाइल टेबलावर ठेवला. "माझ्या नंबरवर लावून बघा."

मी लावला. त्याचा मोबाइल थरथरत टेबलावर सरकला. त्याने तो कानाला लावला.

"हॅलो?"

"हॅलो... ऐकू येतंय?"

"येतंय. माझं?"

"अहो, समोर तर बसलाय तुम्ही!"

त्याचा आवाज मला दोनदा ऐकू येत होता. समोरून आधी आणि फोनमधून किंचित मागाहून. काम झालं होतं, आता ठेवायला हवा होता. पण त्याने ठेवला नाही. मीही नाही. मग खालून पुन्हा हाक आली तेव्हा दोघांनी एकदमच ठेवला. तो बूट घालून निघून गेला, आणि कानावरचा दोरा तसाच घेऊन गेला.

झालं, संपलं, असं मी मनाशी म्हटलं. दुरुस्तीची माणसं काम संपलं की जातात. त्यात वाईट वाटण्यासारखं काय आहे?

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

"मी बोलतोय. टेबलाखालचा," तो म्हणाला. "एक बाई म्हणतायत, पडदा वीतभर आखूड झालाय. मी काय सांगू?"

"तुम्हाला का सांगतायत त्या?"

तो अडखळला. "समोरच्याच्या फोनवर आपला कुठला नंबर दिसावा, तोही मीच भरतो. काल तपासताना माझा भरला होता... तो तसाच राहिलाय. तुम्ही ज्यांना फोन करताय, त्यांनी उलटा फोन केला की तो मला येतोय."

"अरे देवा! मग बदला ना."

"बदलतो. पण त्याला वरून परवानगी लागते. वेळ लागेल थोडा. तोवर मी निरोप घेत जातो, चालेल?"

चालेल म्हणजे काय... पळेल!

मग रोज त्याचा फोन येऊ लागला. दुपारी जेवणाआधी एकदा आणि संध्याकाळी एकदा. पहिल्या दिवशी त्याला चुण्यांचा पडदा आणि रिंगांचा पडदा यांतला फरक माहीत नव्हता. आठवडा उलटला तसा तो मलाच शिकवायला लागला. "त्या वकीलबाईंना जाड कापड नको, पातळच द्या. त्यांच्या घरात आधीच अंधार आहे म्हणत होत्या."

"तुम्ही गप्पा मारत बसता की काय गिऱ्हाइकांशी?"

"त्याच मारतात. मी ऐकतो. एक आजोबा पडद्यासाठी फोन करतात आणि गुडघ्याबद्दल बोलतात."

"आणि तुम्ही काय सांगता त्यांना?"

"थंड पाण्यात धुवा."

मी इतकी हसले की खालून मास्तरांनी जिन्यात येऊन विचारलं, काय झालं म्हणून. निरोप संपला तरी आमचं बोलणं संपेना. आज जेवलात का, काय जेवलात, आवाज का बसलाय, गरम पाणी प्या. कुणीतरी माझा आवाज बसलाय हे ऐकलं होतं! त्या दिवशी मी खरंच गरम पाणी प्यायले. संध्याकाळी खोलीवर जाताना पाऊस भुरभुरत होता, छत्री होती, तरी उघडली नाही. म्हातारी म्हणाली, "वेडी झालीस का?" मी म्हटलं, "हो."

पण सुख कधी एकटं येतं का? मागून त्याचा पाहुणा येतोच.

एका मोठ्या गिऱ्हाइकाने मालकीणबाईंना गाठून विचारलं, "तुमच्याकडे फोनवर नवा माणूस ठेवलाय वाटतं? फार गोड बोलतो." मालकीणबाईंचा पारा चढला. वर माझ्या खोलीत येऊन त्यांनी सरळ फोनच्या कंपनीला फोन लावला, स्पीकर चालू करून. तिकडची मुलगी अगदी निरागसपणे म्हणाली, "नंबर बदलायला परवानगी कशाला, मॅडम? तुमच्याकडे आलेला माणूसच बदलू शकतो. दोन मिनिटांचं काम आहे."

मालकीणबाई तावातावाने खाली गेल्या. मी मात्र तिथेच बसून राहिले. दोन मिनिटांचं काम. मग इतके दिवस का?

तासाभरात तो आला. या वेळी त्याने खुर्ची घेतली. मान खाली घालून नंबर बदलला. खरंच दोन मिनिटं लागली.

"मिळाली परवानगी?" मी विचारलं.

तो लॅपटॉपची वायर गुंडाळत राहिला.

"खोटं का बोललात?"

"माझा फोन वाजायचा नाही," तो हळूच म्हणाला. "दिवसभर लोकांचे फोन जोडून देतो. माझ्या फोनवर फक्त कंपनी. इथले निरोप सुरू झाले आणि... वाजायला लागला. बंद करवेना."

हे ऐकून कुणालाही दया आली असती. मला राग आला. म्हणजे ते आजोबा, त्या वकीलबाई, ते आखूड पडदे हवे होते याला. मी वेडी, समजत होते की...

"म्हणजे माझी गिऱ्हाइकं तुमच्या करमणुकीला होती," मी म्हटलं. "आणि मी काय, निरोपाची पेटी?"

"तसं नाही हो—"

"वर काय चाललंय?" मालकीणबाई जिन्यातून ओरडल्या. "झालं असेल तर जाऊ द्या त्यांना!"

तो उभा राहिला. काहीतरी बोलणार होता, पण माझा चेहरा बघून त्याने लॅपटॉप मिटला. आणि गेला.

त्यानंतर सगळं सुरळीत चालू झालं. फोन जात होते, फोन येत होते, सगळे जिथल्या तिथे. आजोबांचा फोन आता मलाच आला. "तो मुलगा कुठे गेला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही येणार आता." म्हणता म्हणता मी नाक ओढलं. आजोबांना वाटलं, सर्दी झाली आहे.

दुपारी जेवणाआधी फोनकडे बघायची सवय लागली होती, ती जाता जाईना. संध्याकाळ तर नकोच व्हायची. त्याने एकदा तरी करावा! रागावायला तरी करावा. पण त्याने का करावा? त्याला हाकलून मीच दिलं होतं. आता निमित्त त्याच्याकडे नव्हतं आणि माझ्याकडेही नव्हतं. दिवसभर अनोळखी माणसांना बिनदिक्कत फोन लावणारी मी, पण प्रत्येक फोनला काहीतरी काम असतं. बिनकामाचा फोन करायची माझी हिंमतच नव्हती. समोरचा "नंतर करतो" म्हणाला तर?

शेवटी एका दुपारी डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं, आणि माझ्या मोबाइलवरून त्याला फोन केला. पहिल्या रिंगलाच त्याने उचलला. "मी बोलतेय," मी म्हटलं.

"काय झालं? फोन बाहेर जात नाहीयेत का?"

"जातायत."

"मग येत नाहीयेत?"

"येतायत हो. सगळं नीट आहे."

"मग...?"

"मग काही नाही." मी डबा बाजूला सारला. "काही काम नाही. असाच केलाय. तुम्ही कामात असाल तर..."

"ठेवू नका!" तो एवढ्या जोरात म्हणाला की मी मोबाइल कानापासून लांब धरला. "त्या दिवशी तुम्ही ऐकूनच घेतलं नाही. मला गिऱ्हाइकांचं काय करायचंय? त्यांचा निरोप आला की तुम्हाला फोन करायला मिळायचा. एखाद्या दिवशी कुणाचाच आला नाही ना, तर मी... मी आजोबांना आपणहून फोन करून गुडघा विचारायचो. काहीतरी सांगतील म्हणून."

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकाच वेळी, आणि कुठलं आधी आवरावं कळेना.

"मी येतो तिकडे," तो म्हणाला.

"कशाला? काही बिघडलेलं नाही."

"म्हणूनच येतो."

आणि आला की! मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होते. तो कारखान्याच्या दारात पोचला तेव्हा धापा टाकत होता. मालकीणबाई कापड मोजता मोजता थांबल्या.

"आता काय बिघडलं हो?"

"काही नाही."

"मग काय काम काढलंत?"

"काम नाही," तो म्हणाला, आणि वर माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला भेटायला आलोय."

एकेक करत सगळी मशीनं थांबली. मास्तरांच्या ओठांत टाचण्या होत्या, त्या तशाच राहिल्या. मालकीणबाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे पाहिलं. "तू बोलावलंस याला?"

इतक्या माणसांसमोर. नाही म्हणणं किती सोपं होतं.

"हो," मी म्हटलं. "मीच बोलावलंय."

मालकीणबाईंनी पुन्हा चष्मा डोळ्यांवर घेतला. "मग उभी काय राहिलीस? तुझी जेवणाची सुट्टी आताच घे आणि जा. आणि वेळेत परत ये." खाली कुणीतरी खुदकन हसलं.

आम्ही बाहेर पडलो. कुठे जायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं. फोनवर तासन्‌तास बोलणारी आम्ही दोघं, पण कोपऱ्यापर्यंत एक शब्द फुटला नाही. कोपऱ्यावर तो थांबला.

"संध्याकाळी फोन करू?"

"कर."

"काय सांगून?"

"काही सांगू नकोस," मी म्हटलं. "नुसता कर."