हेग्ड्यांच्या विहिरीचं खारं पाणी

"माझी पोर मरतेय आणि कुणीतरी मला घर विकू देत नाहीये!" जलजाक्का हेग्डे रेवती पैंच्या पडवीत येऊन कोसळल्याच.

कुंदापुरात गाय हरवो की जावई पळो, शोधायला रेवती पैच. सोबत भाऊ पद्मनाभ, मुख्यतः जेवणासाठी.

"रड मागाहून. आधी सांग," रेवती म्हणाल्या.

सोळा वर्षांच्या मल्लिकाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. एक जलजाक्का स्वतःचं देणार होत्या. शस्त्रक्रियेसाठी चौदा खोल्यांचं घर विकायला काढलं होतं. दोन गिऱ्हाइकं आली, आणि पाण्याचा घोट घेताच थुंकून निघून गेली. खाऱ्या विहिरीचं घर कोण घेणार? तिसरं गिऱ्हाईक आज चारला यायचं होतं, आणि ते शेवटचंच. महिनाअखेरीच्या पुढे थांबू नका, असं मंगळूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

"आणि रेवतीअक्का, मी विहिरीतनं काढून चाखलं तर पाणी गोड!"

दोघं बहीणभाऊ हेग्ड्यांच्या घरी पोचताच मल्लिकाने गूळ-पाणी पुढे केलं. जिना चढताना धापा टाकणारी ही पोर पाहुण्यांचं मात्र कुणाला करू देत नसे. तांब्या इतका लख्ख, की पद्मनाभाने त्यात बघून मिशी नीट केली. पाणी गोड होतं.

रेवती विहिरीत डोकावल्या. इवले इवले मासे सुळसुळत होते.

"पद्मा, या माशांना मीठ चालतं?"

"तळताना चालतं की!"

शेजारचा लॉजवाला सदाशिव कुंपणापलीकडूनच भडकला. "अर्ध्या किमतीत मागितलं, हो, मागितलं! पण विहीर नासवेन? उद्या घर मलाच मिळालं तर ते पाणी तुम्ही येऊन पिणार का अक्का?"

जलजाक्कांचा भाऊ बोजण्णा म्हणाला, "आमच्यात वारसा आईकडून मुलीकडे; घर बहिणीचं, भाऊ नुसता राखणदार. विकू नको म्हणून भांडलो, खरंय. पण दोन्ही वेळा मीच पाहुण्याला बस स्टँडवरून आणलं आणि त्याच्याशेजारीच बसलो. त्याने गूळ खाल्ला, पाणी प्यायला, थुंकला."

"तू प्यायलास?"

"पाहुण्याच्या तांब्यातलं? आमच्या घरी ती रीत नाही."

तेवढ्यात आतून पद्मनाभाची आरोळी आली. "पेज अळणी आहे!"

"आठ महिने स्वयंपाकात मीठ नाही," जलजाक्का ओशाळल्या. "पोरीला बंद, म्हणून सगळ्यांना बंद. मिठाचा पुडा आहे तो चिंचेबरोबर भांडी घासायला. बसल्या बसल्या होतं म्हणून तेवढं मल्लिका करते."

पावणेचारला रेवतींनी सगळ्यांना पडवीत बसवलं.

"विहीर खारी असती तर मासे केव्हाच उताणे झाले असते. खारं होतं ते तांब्यात! पण गूळ-पाण्यावर संशय घेतो कोण? पाहुण्याने विहिरीला नाव ठेवलं, आणि तुम्ही सगळे विहिरीशी धावलात. सदाशिव कुंपणापलीकडे, बोजण्णा बस स्टँडवर. जलजा स्वतःच मला बोलवायला आली. मग मीठ कुणाच्या हाताशी? तांब्या कुणाच्या हातात?"

पद्मनाभ बोटं मोजत राहिला. मग थांबला. "पण... घर विकलं तर हिचाच जीव वाचणार ना?"

"म्हणूनच हिच्याकडे कुणी पाहिलं नाही."

मल्लिकाने मान वर केली. डोळे कोरडे होते. "मूत्रपिंड आईचं, घरही आईचं. एवढं करून मी नाहीच वाचले तर? ती कुठे जाईल? निदान घर तरी राहू दे तिला!"

जलजाक्कांनी हात उगारला, आणि त्याच हाताने पोरीला घट्ट धरलं. "गाढवे! चौदा खोल्यांतून हाका कुणाला मारू गं मी? भिंतींना?"

फाटक वाजलं. तिसरं गिऱ्हाईक एकटंच चालत आलं. चांगला पोक्त माणूस. माडांकडे, पडवीकडे बघत म्हणाला, "एवढं ऐसपैस घर! विकताय कशासाठी?"



मल्लिका खांबाला धरून उभी राहिली.

"मला जगायचंय काका," ती म्हणाली. "या, घर दाखवते."