कार्ड एक, कॅमेरे दोन

"अगं बाई गं... कार्ड!"

मी एवढ्यानं ओरडले की नदीकाठचे सगळे बगळे उडाले. तीन बॅटऱ्या, पावसाचं कव्हर, लेन्स पुसायचा कपडा, जळवांसाठी मीठ — दोन दिवस यादी करून सगळं भरलं होतं. आणि मेमरी कार्ड? घरी, लॅपटॉपमध्ये खुपसलेलं! लग्नांचे फोटो काढून जीव विटला होता माझा. पाणमांजराचा एक चांगला फोटो आज संध्याकाळपर्यंत मासिकाकडे गेला, तरच तिथली नोकरी मिळणार होती.

"शाबास," झुडपामागून आवाज आला. "आता दुपारपर्यंत फिरकत नाही ते."

चिखलात पालथा पडलेला एक दाढीवाला. हातात कॅमेरा, डोळे मिस्कील.

"तुम्ही कोण?"

"जनावरांचा डॉक्टर. चार रविवार इथे त्याच पाणमांजरासाठी चिखल खातोय. आणि तुम्ही?"

"मी... मूर्ख."

तो हसला. मग माझं रडवेलं तोंड पाहून चिखलातून उठून बसला. मी नोकरीचं सांगून टाकलं. त्यानं आपल्या कॅमेऱ्यातलं कार्ड काढून माझ्यापुढे धरलं.

"अहो, मग तुम्ही?"

"मी नुसता बघेन. एकच अट — हलायचं नाही."

हलायचं नाही! मला! बोटं नाचत होती, पायांना मुंग्या आलेल्या. त्यानं हळूच माझ्या कोपराखाली वाळूची पिशवी सरकवली. त्याची बोटं लागली... आणि मी नदीऐवजी त्याच्याकडेच बघायला लागले.

दुपार होता होता पाणी हललं. तोंडात मासा, मागे दोन पिल्लं! मी धडाधड बटण दाबत सुटले. बाकी सगळे हलले, एकच फोटो नीट आला, पण काय लख्ख आला!

तो रिकामा कॅमेरा पोटाशी धरून माझ्याइतकाच खूश झाला होता. त्या क्षणी मला तो आवडला. सरळ सांगते, फार आवडला.

"कार्ड परत कसं करू?"

"पुढच्या रविवारी. इथेच."

"तोवर मला दम निघायचा नाही."

"पाणमांजर कुठे पळून जातंय हो?"

"पाणमांजराचं कोण बोलतंय?"

मी जीभ चावली. तो कानापर्यंत लाल.

"गावातला दवाखाना... रविवारीही सातपर्यंत उघडा असतो," तो कसाबसा म्हणाला.

फोटो दुपारीच पाठवला. पाचला मी दवाखान्याच्या बाकावर. शेजारी एक बोकड, समोर पोपट.

"तुमचं जनावर कुठंय?" कंपाउंडरनं विचारलं.

"जनावर नाही, मीच आहे," मी म्हणाले. "डॉक्टरांना सांगा — तिला रविवारपर्यंत थांबवेना म्हणून आलीये."