गॅलरीतला फ्रीज

नवं स्वयंपाकघर झालं की जुन्या वस्तूंचं तोंडही बघावंसं वाटत नाही. सुनेचं अगदी तसंच झालं होतं. जुना मिक्सर, दार न लागणारा ओव्हन, पिवळा पडलेला पाण्याचा फिल्टर असं सगळं तिने सकाळीच भंगारवाल्यासाठी दाराशी आणून ठेवलं. उरला होता तो मागच्या गॅलरीतला फ्रीज. तो सासूबाईंचा. त्यांना जाऊन वर्ष उलटलं तरी घरात त्याला ‘तिचा फ्रीज’च म्हणत, आणि दर वेळी सुनेच्या कपाळावर आठी चढे. इतकी वर्षं दुसरीच्या ओट्यावर रांधलं, आता हे स्वयंपाकघर तरी माझं असू दे, एवढंच तिचं म्हणणं होतं.

घोळ घातला तो सुताराने. “दोन दिवसांचं काम ताई, रिकामा कशाला करताय?” असं म्हणून त्याने भरलेलाच फ्रीज गॅलरीत ढकलला आणि दार उघडू नये म्हणून भोवती खाकी चिकटपट्टी गुंडाळली. सुताराचेच दोन दिवस ते, दीड महिना पुरले. गॅलरीत विजेची सोय नव्हती. आत काय झालं असेल हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच कोणी तो विषय काढत नव्हतं. “उघडायचाच नाही, तसाच देऊन टाकायचा,” असं सांगून नवरा कामासाठी परगावी निघून गेला.

तिला खरी काळजी होती ती सासऱ्यांची. नव्या ओट्यावर शिजलेल्या घासाला आप्पांनी अजून हात लावला नव्हता. ताट समोर ठेवलं की म्हणत, “जेवलोय मी.” कुठे, कधी, काही सांगत नसत. गेल्या आठवड्यापासून तर त्यांची कवळीही सापडत नव्हती. म्हातारा माणूस उपाशी राहून हातातून जायचा, या धास्तीने तिने त्यांना दवाखान्यात नेलं. काट्यावर उभं केलं तर वजन वाढलेलं! डॉक्टर हसले, पण तिला काही हसू आलं नाही.

भंगारवाल्याने फ्रीज नुसता हलवून पाहिला. आत काहीतरी डचमळलं.

“भरलेला नाही नेत ताई. मागे एकाचं दार जिन्यात उघडलं होतं. आठवडाभर मला अन्न गेलं नाही. चहा पिऊन येतो, तोवर रिकामा करा.”

तिने नाकाला ओढणी बांधली, रबरी मोजे चढवले आणि पट्टी कापली. पट्टी जशीच्या तशी होती. तिच्यावर धूळ साचलेली, आणि ती ओढताना फ्रीजचा रंगही सोलून निघाला. मग दाराचं रबर चिकट आवाज करत सुटलं.

वास नाकात नाही, थेट घशात उतरला. तिने कठड्याला धरून दोन उमासे काढले, तोंड पुसलं आणि पुन्हा वाकली. भाजीच्या ट्रेमध्ये काळं, दाट पाणी साचलं होतं आणि त्यात तांदळाएवढं पांढरं काहीतरी वळवळत होतं. दुधाच्या पातेल्यावर हिरवी लव उगवली होती. रबराच्या घडीत माश्या चिकटून मेल्या होत्या. ट्रे ओढताना डावा मोजा फाटला, ते पाणी आत शिरलं आणि बोटांना लागलं. कोमट होतं. किळस येणं म्हणजे काय, ते तिला त्या क्षणी कळलं.

वरच्या कप्प्यातले डबे मात्र हलके लागले. तिने एकेक झाकण काढलं. डबे रिकामे होते, धुतलेले नव्हते, चाटलेले होते. शेवटच्या डब्यात करड्या बुरशीचा थर होता आणि त्यातून तीन बोटांच्या रेघा ओढलेल्या. ताट निपटून खाताना उठतात तशा. शेजारी, अंड्यांच्या ट्रेमध्ये, आप्पांची कवळी होती. तिच्या दातांत हिरवट तंतू अडकले होते.

“हळू... सांडू नकोस.”

ती दचकून वळली. आप्पा दारात उभे होते.

“आप्पा, तुम्ही... हे खाल्लंत? पट्टी तर लावलेली होती. उघडलंत कसं?”

“मी कुठे उघडलं?” ते समजुतीच्या सुरात म्हणाले. “ती वाढते. गरम असतं सगळं.”

तिला रडू फुटलं. रागाने, भीतीने, घाणीने, कशाने ते तिलाही सांगता आलं नसतं. तिने सगळं खरवडून काळ्या पिशवीत भरलं, गच्च गाठ मारली आणि पिशवी गॅलरीच्या कोपऱ्यात टाकली. भंगारवाला आला, दोरी बांधून फ्रीज घेऊन गेला. आप्पा एका शब्दाने आड आले नाहीत. तिने साबण संपेपर्यंत अंघोळ केली आणि ताजा भात टाकला.

दुपारी आप्पा बोलावल्याशिवाय पानावर येऊन बसले. तिला बरं वाटलं. वाफाळता भात आणि भाजी तिने पुढे ठेवली.

“हे नको,” आप्पा म्हणाले.

“आप्पा, आता तो फ्रीज नाही. काय खाणार तुम्ही?”

“तिचा गेला. आता स्वयंपाकघर तुझं ना? मग तूच वाढ...”

त्यांनी तिचा डावा हात अलगद धरला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले. “अजून आहे की,” ते पुटपुटले.

तिने हात हिसडला आणि नव्या सिंककडे धावली. नळ सोडून बोटं घासली, नखं घासली, कातडी लाल होईपर्यंत घासली. मग खात्री करायला बोटं हुंगली. वास तोच होता, गॅलरीतला. उमासा येईल म्हणून ती सिंकवर वाकून उभी राहिली. उमासा आला नाही. तिने पुन्हा हुंगलं. सकाळपासून आपण काही खाल्लं नाही, हे तिच्या लक्षात आलं, आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं.

गॅलरीचं दार उघडंच होतं. मागे आप्पा उठले आणि त्यांनी मांडणीवरून दोन ताटल्या काढल्या.