आगीतला घास

पटो न पटो, हे घडलेलं आहे. पेर्लामावशीने आयुष्यात एकदाच सांगितलं, तेही मान खाली घालून.

१९४३चा हिवाळा. पोलंडमध्ये लुब्लिनजवळचं एक खेडं. शुक्रवारची संध्याकाळ.

पेर्ला एकोणीस वर्षांची. ज्यू असल्याचं लपवायला गळ्यात क्रूस, खोटं नाव हेलेना, कुलिगबाईंच्या घरी मोलकरीण. तिच्या आईला जर्मनांनी आधीच नेऊन मारलं होतं.

पावाचं पीठ मळलं की आम्हा ज्यूंमधल्या बायका त्यातला चिमूटभर गोळा देवाचा वाटा म्हणून काढून, प्रार्थना पुटपुटत आगीत टाकतात. आई कधीच चुकली नाही. पेर्लाने मात्र इथे हात आवरला होता. कुणी पाहिलं तर जिवाशी खेळ.

तरी पाव काढताना भट्टीत काहीतरी दिसलं...

जळून काळा झालेला छोटासा गोळा.

तिने तो घाईघाईने राखेत दडवला.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. आणि कुलिगबाई मागेच उभ्या!

"काय गं, माझ्या भट्टीला घास भरवतेस होय?"

"चुकून पडला, बाई."

"ज्यू बायका असं करतात म्हणे." बाई हसल्या. "पुढच्या खेपेला मी इथेच बसते. घरातली साखर संपलीये, आणि लपलेला ज्यू दाखवून दिला की जर्मन साखर देतात."

तो शुक्रवार आला. बाई स्टुलावर बसल्या. पेर्ला मळू लागली...

कानाशी कुणीतरी पुटपुटलं. बाईंचे ओठ तर मिटलेले.

आईचीच प्रार्थना. आईचाच बसका आवाज.

आणि पिठाच्या कडेला, आपोआप, दोन बोटांचा खळगा पडू लागला...

पेर्लाला आईचा संताप आला. मनातल्या मनात ती ओरडली, "चालती हो! मेलीस ना तू? मला जगू दे. तू माझी कुणी नाहीस!"

आवाज थांबला. खळगा भरून आला.

भट्टीतून फक्त पाव निघाला. "गेली माझी साखर," कुलिगबाई म्हणाल्या.

पेर्ला वाचली. युद्धानंतर इस्रायलमध्ये हैफाला आली, संसार केला. आता दर शुक्रवारी ती गोळा काढते, आईची माफी मागते, आगीत टाकते.

पाव खरपूस भाजतो. गोळा मात्र...

पांढराच. कच्चा. बर्फासारखा गार.

मी स्वतः तो हातात घेतलाय. मावशीने तेव्हा तोंड फिरवलं.

"अजून घेत नाही गं ती माझ्या हातचं," ती म्हणाली. "कुठल्या तोंडाने आग्रह करू?"