गोगलगाईचं कपाट आणि तपकिरी तळं

"खुर्चीवर गोंद?" गुंड्याने विचारलं.

"बालिश," ठिपकी म्हणाली. तिला असा सूड हवा होता, की मामाच्या साहेबांना म्हातारपणीही आठवून घाम फुटेल.

कारणही तसंच होतं. सुट्टी लागताच तिने आणि मावसभाऊ गुंड्याने चौकटीच्या वहीत एक व्हिडिओ गेम रचला होता. पाठीवर कपाट घेऊन एक गोगलगाय घर शोधत निघते. कपाटातली एकेक वस्तू फेकली की ती हलकी होते आणि पळते. मामा गेम बनवणाऱ्या कचेरीत खेळांना आवाज लावायचा. त्याच्या साहेबांनी ती वही नुसती चाळायला म्हणून नेली, आणि महिन्याभराने जाहिरातीत स्वतःच 'कल्पनेचे जनक' होऊन झळकले. बोललं तर नोकरी जाईल म्हणून मामा मूग गिळून बसला. इतके मूग गिळले, की त्याला जेवण जाईना.

आज गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीच्या बाई तो बघायला येणार होत्या. खेळताना मुलं दिसली तर बरं वाटतं, म्हणून साहेबांनीच मामाला भाचरं आणायला सांगितलं होतं. वही कुणाची, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. चोराने फौजदाराला चहाला बोलवावं, तसं.

कचेरीतल्या मोठ्या पडद्यावर गोगलगाय निघाली आणि ठिपकी थबकली. वाटेत एक तपकिरी तळं होतं, एका कानाच्या सशासारखं. ते तळं नव्हतंच. तो तिने वहीवर सांडलेला चहा होता! वहीतलं काही सोडू नका, असा साहेबांचा हुकूम होता. चित्रकारांनी डागही सोडला नव्हता.

"साहेब, हे तळं कशासाठी?" तिने गरीब गाईसारखं विचारलं.

"ते गोगलगाईच्या मनातलं दुःख आहे," साहेब बाईंकडे बघत म्हणाले. "दोन महिने विचार केला मी त्यावर."

ठिपकीने मान डोलावली, कंट्रोलर घेतला आणि कपाटातलं सगळं धडाधड फेकून दिलं. गोगलगाय सुसाट सुटली. अकरा सेकंदांत घर आलं आणि खेळ संपला.

"एवढंच?" बाईंनी विचारलं.

"एवढंच चोरलंय. शेवटचं पान घरी राहिलं." ठिपकीने खिशातून घडी काढली. पानामागे सुट्टीचा गृहपाठ होता, म्हणून तिने ते आधीच फाडून ठेवलं होतं. "दारात घरमालकीण एक वस्तू मागते. दरवेळी वेगळी. ती फेकली असेल तर जा मागे. म्हणजे काहीही फेकताना पोटात गोळा आला पाहिजे. खरा खेळ त्या गोळ्यातच आहे, चित्रांत नाही."

चहा त्या पानापर्यंत झिरपला होता. बाईंनी पान पडद्याशेजारी धरलं. तोच ससा, तोच एक कान.

"दुःखात साखर किती होती?" बाईंनी साहेबांना विचारलं. साहेबांना घाम फुटला. म्हातारपणाची वाट बघावी लागली नाही.

जाहिरातीवर दोन्ही मुलांची नावं आली. पोरांना खेळ कशाला म्हणतात ते कळतं, असं बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं. मामा त्या रात्री पोटभर जेवला. तळं पुसायचं का, असं विचारल्यावर ठिपकी नको म्हणाली. आता गोगलगाईने तिथे कपाट आपटलं की काठावरचा, हुबेहूब साहेबांसारखा टायवाला माणूस चहात पडतो. त्याच्या 'डुबुक'साठी मामाने चाळीस आवाज करून पाहिले. कधी नव्हे तो शीळ घालत.

तो माणूस नीट पडतो की नाही, हे रोज दोनशे वेळा तपासावं लागतं. बाईंनी ते काम साहेबांना दिलं आहे.