मुखपृष्ठाची डावी कड

एसटी स्टँडजवळच्या पुस्तकांच्या स्टॉलवर तो पहिल्यांदा दिसला, तेव्हाच अनुजाच्या कपाळावर आठी पडली. दिसायला वाईट नव्हता... सावळा, उंच, दाढीत हसू लपवणारा. पण 'स्वरवाटा'च्या ताज्या अंकाचे तो फोटो काढत होता. एक नाही, चांगले तीन-चार!

'स्वरवाटा' हे संगीताचं मासिक, आणि त्याची मुखपृष्ठं अनुजा करायची. गेले दोन महिने तिचं मुखपृष्ठ छापून यायच्या आधीच 'नवे सूर' नावाच्या पुण्याच्या मासिकावर झळकत होतं. तोच रंग, तीच मांडणी. संपादक गणपतराव तिच्याकडेच वेगळ्या नजरेनं बघायला लागले होते.

ती सरळ पुढं झाली. "पावणं, अंक इकत घ्या की. फोटू कशाला काढताय?"

तो दचकला नाही. "हे बघा, एकावर एक अंक लावल्यात. परत्येकाची डावीकडची दोन बोटं जागा तेवढी दिसतीया. अन् ह्या अंकावर नेमका तिथंच गाणारणीचा डोळा! जाणारा माणूस थांबतोयच. कुणी केलंय कोण जाणे, पण लई बेरकी हाय."

ही युक्ती अनुजानं कुणालाच सांगितली नव्हती. ऐकून आनंद व्हायला हवा होता... झाला संशय.

आणि सोमवारी तोच माणूस गळ्यात कॅमेरा अडकवून ऑफिसात हजर!

"हे महांतेश," गणपतराव म्हणाले. "गडहिंग्लजचे. पुढच्या अंकाचे फोटो हेच काढणार. आणि ही अनुजा, मुखपृष्ठं हिचीच."

"म्हणजे ते बेरकी माणूस तुम्ही व्हय?" महांतेश हसला.

अनुजा हसली नाही.

अंक होता मुरगूडच्या झुंबरबाईंवर. साठी ओलांडलेली बाई, पण ढोलकीवर थाप पडली की अंगणातली कोंबडीसुद्धा मान वर करायची. त्यांच्याकडे दोघं महांतेशच्या मोटारसायकलवरून गेले. हवेत गारठा होता, वाटेत गुऱ्हाळाचा गोडसर धूर दाटला होता, आणि अनुजा मध्ये वीतभर अंतर ठेवून बसली होती.

झुंबरबाई वाजवत होत्या, तेव्हा महांतेश नुसते त्यांचे हात टिपत होता.

"चेहरा घ्या की," अनुजा म्हणाली. "आम्हाला विशीतली पोरं वाचक पाहिजेत. पोरं चेहऱ्यावर थांबतात. नजर सरळ वाचकाच्या नजरेला भिडली पाहिजे."

"मग तुम्ही माझ्याकडं बघून का बोलत न्हाई?"

"तुम्ही काय मुखपृष्ठ हाय व्हय?"

झुंबरबाई ढोलकी थांबवून खदाखदा हसल्या. अनुजाचे कान तापले. महांतेशनं तेवढ्यात बाईंचा हसरा चेहराही टिपून घेतला.

"आधी कुठं होता कामाला?" येताना तिनं विचारलं.

"पुण्यात."

पुण्यात! "कुणाकडं?"

"लग्नाचे फोटो काढायचो." त्यानं आरशातून तिच्याकडं बघितलं. "का ओ, पोलिसात हाय काय तुम्ही?"

तिनं तोंड फिरवलं. त्याचा आवाज आवडायला लागला होता, तीच तर भीती होती.

मग तिनं सापळा लावला. दोन मुखपृष्ठं केली. खरं हळदी रंगाचं, डाव्या कडेला झुंबरबाईंचा मिस्कील डोळा, खाली ओळ: 'साठीची थाप, विशीला भारी!' ते तिनं फक्त गणपतरावांना आणि जाहिराती बघणाऱ्या त्यांच्या पुतण्याला, पृथ्वीराजला दाखवलं. दुसरं खोटं, जांभळ्यावर मोरपिसांची चौकट आणि सोनेरी वळणदार अक्षरं. ते महांतेशला पाठवलं. 'हेच पक्कं झालंय. कुणाला दाखवू नका.'

उत्तर आलं, 'बरं.'

त्या एका 'बरं'चा ती दिवसभर अर्थ लावत बसली.

एक तारखेला 'नवे सूर' आला. अनुजा स्टॉलवर धावली. अंक हातात घेतला... हळदी रंग. डाव्या कडेला कुणा दुसऱ्याच ढोलकीवालीचा डोळा. आणि ओळ: 'साठीची थाप, विशीवर भारी!'

राग यायच्या आधी तिला हायसं वाटलं. तो नव्हता! आणि इतकं हायसं का वाटावं, या विचारानंच ती घाबरली.

तिनं अंक गणपतरावांच्या टेबलावर ठेवला. "हे आपण तिघांनीच बघितलं होतं."

शेजारच्या टेबलावरच्या पृथ्वीराजनं डोकं खाजवलं. "मी दर महिन्याला आधीच टाकतो की, जाहिरातदारांच्या ग्रुपवर. बघितल्याबिगर कोण जाहिरात देतंय?" यादी उघडून बघितली, तर त्या ग्रुपात 'नवे सूर'चा एक माणूस गुपचूप बसून होता.

गणपतरावांनी पुतण्याला उभा-आडवा झापला. मग चष्मा पुसत म्हणाले, "पोरी, तुझ्यावर वहीम घेतला, चुकलं माझं. दोन दिवसांत दुसरं करशील?"

महांतेश हातांचे फोटो घेऊन आला. अनुजानं खुर्ची पुढं केली, आणि एका दमात सांगून टाकलं, "ते मोरपिसांचं खोटं होतं. तुम्हाला पकडायला केलेलं."

"ठावं हाय."

"काय?"

"तुमची सगळी मुखपृष्ठं बघितल्यात मी. तुम्ही मोरपिसं लावणार व्हय? अन् ती सोनेरी अक्षरं... मला वाटलं लग्नपत्रिकाच आली!"

तिला हसू आलं, आणि डोळेही भरून आले. "मग बोलला का न्हाई? राग न्हाई आला?"

"आला की. दोन दिस कॅमेरा हातात धरला न्हाई." त्यानं कॅमेऱ्यातलं कार्ड तिच्यापुढं सरकवलं. "मग म्हटलं... संशयानं का हुईना, बघती तरी माझ्याकडं."

अनुजानं फोटो एकेक करून पडद्यावर घेतले. झुंबरबाईंचे सुरकुतलेले हात, हवेतच थांबलेली बोटं... तिनं ती डाव्या कडेला सरकवली, मागं गडद लाल रंग भरला. चेहरा नव्हता, तरी नजर हटेना. गणपतराव आले, बघितलं, आणि मान डोलावून गेले.

"रविवारी गडहिंग्लजला येशील?" महांतेश एकदम एकेरीवर आला. "घरी आईला, अव्वाला, सांगून ठेवलंय."

"काय सांगितलंय?"

"की एक पोरगी माझ्यावर लई संशय घेती."

"मग? काय म्हणाल्या?"

"म्हणाली, मग ती तुला सोडायची न्हाई."

अनुजानं माऊसवरचा हात काढला, आणि टेबलावरच्या त्याच्या हातावर अलगद ठेवला. "अव्वांना सांग," ती म्हणाली, "त्यांचं बरोबर हाय."